सूनबाईंचे नाक

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एका विहिरीचा, एका लष्करी तळाचा आणि आमच्या घरी लग्न होऊन आलेल्या एका नाकाचा वृत्तांत यथाशक्ती निवेदन करण्यात येणार आहे. प्रस्तुत लेखकाचे शालेय शिक्षण सातवीच्या उंबरठ्यावरच थांबले. त्यानंतरचे सर्व ज्ञान त्याने इस्त्रीचे कपडे गुंडाळण्यासाठी आणलेल्या रद्दीतून, गठ्ठा बांधता बांधता संपादन केले आहे. त्यामुळे कोठे अर्धे वाक्य सापडल्यास उरलेले अर्धे कोणाच्या तरी सदऱ्याभोवती गेले, असे समजून क्षमा करावी.

आमची आळी हवाई तळाच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे. तळाला आम्ही सर्व जण ‘कॅम्प’ म्हणतो. भिंतीच्या पलीकडे विमाने आणि इंधनाच्या टाक्या, अलीकडे आम्ही. आमच्या घराच्या पुढील खोलीत दोन टेबले असून त्यांवर घोंगडी आणि चादर अंथरलेली असते. तेथे मी इस्त्री करतो, म्हणून आळी मला ‘मास्तर’ म्हणते. मागील अंगणात विहीर, विहिरीशेजारी दगडी टाके, आणि टाक्यापासून भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. कॅम्पातील जवानांचे गणवेश आणि साहेब लोकांच्या चादरी त्या दोऱ्यांवर वाळत. वारा सुटला की अंगणात एक अख्खी पलटण हातपाय हलवीत असल्याचा भास होई. आमच्या शेजारी बूटवाले राहतात, तेही कॅम्पाचेच बूट शिवतात. पलीकडे पाववाले, त्यांच्या भट्टीतील पाव भिंतीपलीकडेच जातो. सारांश, भिंत नसती तर आळी नसती.

विमान उठते तेव्हा आमच्या आळीत बोलणे अशक्य होते. म्हणून आमच्याकडे एक रीत आपोआप पडली आहे. विमान आले की बोलणारा जेथे असेल तेथे थांबतो, तोंड तसेच ठेवतो, आणि विमान गेले की त्याच शब्दापासून पुढे चालू करतो. भांडणेदेखील याच पद्धतीने होतात. बूटवाल्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे एकदा सकाळपासून भांडण चालले होते, त्यात भांडणापेक्षा थांबणेच जास्त होते. शेवटी दोघांनाही हसू आले.

आता विहिरीविषयी. तिच्या पाण्याचा आम्हांला फार अभिमान होता. त्या पाण्याला स्वतःची अशी एक चव होती. इतर ठिकाणचे पाणी आम्हांला मिळमिळीत लागे, पुठ्ठा चावल्यासारखे. चिरंजीवांच्या लग्नाची बोलणी करण्यासाठी आम्ही सूनबाईंच्या माहेरी निघालो, तेव्हा परक्या पाण्याने पोट बिघडू नये म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी विहिरीच्या पाण्याचा एक मोठा कॅन सोबत घेतला. तेथे गेल्यावर तो कॅन स्वयंपाकघराच्या दारात ठेवला आणि आम्ही बैठकीत स्थानापन्न झालो.

थोड्या वेळाने आतून फुसफुस असा आवाज येऊ लागला. सूनबाईंचे काका हातात काडेपेटी घेऊन घामाघूम होऊन बाहेर आले.

“काय दुकानदार झालेत हो हल्ली!” ते म्हणाले. “घासलेटात चक्क पाणी मिसळतात. आख्खा स्टो भरला, पेटायचं नाव नाही.”

“कुठलं घासलेट?” सौभाग्यवतींनी विचारले.

“ते काय, दारातल्या कॅनमधलं.”

“अहो, ते आमचं प्यायचं पाणी आहे!”

काकांनी कॅनचे झाकण उघडून पुन्हा वास घेतला, आमच्याकडे पाहिले, पुन्हा वास घेतला. मग दाराआडून कोणी तरी हसले. ते हसणे इतके मोकळे होते की आम्ही सर्वच हसू लागलो. काकांना वाटले की आम्ही गमतीची माणसे आहोत. आम्हांला वाटले की काकांना सर्दी झाली आहे. आणि दाराआडून जी व्यक्ती हसली होती, तिच्याशीच चिरंजीवांचे लग्न ठरले.

वाचकहो, येथून पुढे कथा गंभीर होत आहे.

सूनबाई घरी आल्या, त्या दिवशी सौभाग्यवतींनी स्वहस्ते पाण्याचा तांब्या पुढे केला. सूनबाईंनी तो तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

“आई, यात आधी घासलेट ठेवलं होतं का?”

तांब्या घासून पुन्हा भरण्यात आला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सौभाग्यवतींचा चेहरा जास्त तापलेल्या इस्त्रीसारखा झाला.

“माझ्या हातच्या पाण्याला आजवर कोणी नाव ठेवलं नाही हं!”

“आई, तुमच्या हाताला नाही हो. पाण्याला म्हणते आहे मी. विहिरीत काय सांडलंय?”

“काही सांडलेलं नाही. आमचं पाणी असंच असतं.”

“पाणी असं नसतं, आई.”

मी मध्यस्थी करण्यासाठी तांब्या उचलून गटागटा प्यालो. “हे बघ सूनबाई, अमृत आहे.” सूनबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जशा नजरेने मी साहेबांच्या जळलेल्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहतो.

चिरंजीव भाजीचा टेम्पो चालवितात. पहाटे शहरातील बाजारातून भाजी भरून ते कॅम्पाच्या भटारखान्यात पोहोचवितात. दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंच्या आज्ञेने ते कोबी आणि बटाट्यांच्या मध्ये बाजारातील नळाच्या पाण्याचा एक कॅन ठेवून आणू लागले. आळीत ही गोष्ट लपणे शक्य नव्हते. टेम्पो वळला की बूटवाले दुकानातूनच ओरडत, “मास्तर, राणीसाहेबांची स्वारी आली हो! पाण्याची!”

“हसा, हसा,” सूनबाई खिडकीतून उत्तर देत. “एक दिवस तुम्हीच तांब्या घेऊन याल माझ्या दारात, काका.”

त्यांचा आवाज गोड होता, त्यामुळे बूटवाल्यांना राग येत नसे. आळीतील रीतही सूनबाईंनी पहिल्या आठवड्यातच नाकारली होती. विमान आले की त्या थांबत नसत, उलट मोठ्याने बोलत. त्यांचे ओठ हलत, ऐकू काहीच येत नसे, आणि विमान गेल्यावर आम्ही पुन्हा विचारले की त्या म्हणत, “सांगितलं की मी!” त्यामुळे सूनबाईंनी आपल्याला काय काय सांगितले असेल, याचा मला अद्यापही पत्ता नाही.

त्या मला दोऱ्यांवर कपडे घालावयास मदत करीत, जवानांच्या सदऱ्यांना नावे ठेवीत. “हा बघा मामंजी, ढेरी सुटलीय याची, दर महिन्याला बटण तुटतं. आणि हा प्रेमात पडलाय, खिशात रोज वेगळं फूल.” माझी सर्व उमर गणवेश धुण्यात गेली, परंतु त्यात माणसे असतात हे सूनबाईंमुळे मला समजले. मुलगी नसलेल्या घरात मुलगी येणे म्हणजे काय, हे सांगण्यास माझी भाषा अपुरी आहे. एवढेच म्हणतो की इस्त्री करताना मी गुणगुणू लागलो होतो.

मग घरात गोड बातमी आली. सौभाग्यवतींनी आनंदाने डोळे पुसले. परंतु त्याच सायंकाळी सूनबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी कोळशावर फुंकर घालीत होतो.

“मामंजी, रागावू नका. मी बाळंतपणाला आईकडे जाते. आणि पाणी चांगलं झालं, तरच बाळाला घेऊन परत येईन.”

“आणि नाही झालं तर?”

“तर तुमचा मुलगा तिकडे येईल. तिकडेही भाजी विकतात.”

“अगं, पण आम्ही सगळे हेच पाणी पिऊन—”

विमान आले. मी तोंड उघडे ठेवून थांबलो. सूनबाई या वेळी बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. विमान गेले तरी माझे वाक्य मला पूर्ण करता आले नाही.

“मी रागाने नाही सांगत,” त्या म्हणाल्या. “मला हे घर आवडलंय म्हणून सांगते. जाईपर्यंत एवढं करा, माझ्या कॅनचं पाणी प्या. फक्त तेच.”

सुनेचा शब्द मोडवेना म्हणून मी ते मिळमिळीत पाणी पिऊ लागलो. औषधासारखे डोळे मिटून पीत असे. सौभाग्यवती म्हणत, “सासरे झालात की सुनेचे नोकर?” मी म्हणे, “दोन्ही पदे सांभाळतो.”

सूनबाई माहेरी जाण्याच्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे विहिरीवर चूळ भरावयास गेलो. पोहरा वर काढला, ओंजळ तोंडाजवळ नेली, आणि ती तशीच सुटली. ओंजळीत घासलेट होते! म्हणजे पाणीच होते, परंतु त्याला तोच वास होता, जो काकांना आला होता. मी पोहऱ्याचा वास घेतला, टाक्याचा घेतला, वाळत असलेल्या सदऱ्यांचा घेतला, स्वतःच्या मनगटांचा घेतला. सौभाग्यवती केस विंचरीत बसल्या होत्या, त्यांच्या केसांचाही घेतला.

“हे काय वय आहे का तुमचं!” त्या लाजून म्हणाल्या. वाचकहो, त्या क्षणी त्यांना खरे कारण सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

हा वास एका दिवसात आला असता, तर आम्हीही ओरडलो असतो. परंतु तो डोक्यावरील पांढऱ्या केसांसारखा आला, रोज थोडा थोडा, आणि आम्ही त्यालाच चव म्हणू लागलो.

बस सुटताना मी खिडकीशी जाऊन सूनबाईंना म्हणालो, “येतो गं वास.”

सूनबाईंनी खिडकीतून माझा हात धरला. हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम केले. “बरं झालं बाई. मला वाटायचं, मीच वेडी आहे.”

घरी येऊन मी कॅम्पात जाऊन सांगण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवती दार अडवून उभ्या राहिल्या.

“अहो, विहीर बंद करा म्हणतील. मग धुणार कशात? आपली थुंकी लावून?”

बूटवालेही धावत आले. “मास्तर, गप्प बसा. कॅम्पवाले रुसले आणि उठून गेले, तर मी कोणाचे बूट शिवू? तुमचे? तुम्ही तर अनवाणी फिरता!”

ते चूक बोलत नव्हते. मी रात्रंदिवस भिंतीचाच घास खाल्ला होता. परंतु माझ्या डोळ्यांसमोर एक पाळणा होता, आणि तो सूनबाईंच्या माहेरी हलत होता.

मी इस्त्रीच्या गठ्ठ्यात एक बाटली विहिरीचे पाणी ठेवले आणि कॅम्पातील भांडारसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब माझे जुने गिऱ्हाईक असून अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी माझे सर्व म्हणणे शांतपणे ऐकले, बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले.

“मास्तर, खरं सांगू? मला काहीच वास येत नाही.” मग त्यांनी एक घोट घेतला. “चांगलं आहे की! आमच्याकडेही असंच येतं.”

शिपायाने वास घेतला. त्यालाही आला नाही. साहेबांच्या पत्नी आल्या, त्यांनीही मान हलविली. ते खोटे बोलत नव्हते. त्यांची नाके आमच्यासारखीच भिंतीच्या आश्रयाने वाढली होती. मी बाटली परत गठ्ठ्यात ठेवू लागलो.

इतक्यात आतील खोलीतून साहेबांच्या सासूबाई बाहेर आल्या. त्या त्याच सकाळी प्रवास करून लेकीकडे उतरल्या होत्या. त्यांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला होता.

“जावईबापू, हे तुमच्याकडे दिव्यात घालतात की माणसांना देतात?”

“आई, तुम्ही प्रवासाने दमला आहात,” साहेब हसून म्हणाले.

“दमले मी पायांनी. नाक बसूनच आलंय गाडीत!”

मी पुढे होऊन म्हणालो, “मातोश्री, कृपा करून या बाटलीचाही वास घ्यावा.”

त्यांनी झाकण उघडले आणि बाटली हातभर लांब धरली. “अगं बाई, ह्यात तर जास्तच आहे! लेकी, तुझी पोरं हेच पितात? मग आज रात्रीच्या गाडीने मी त्यांना घेऊन चालले.”

साहेबांचे हसू मावळले. मला ते शब्द ओळखीचे वाटले, आणि साहेबांचा चेहराही. तो माझाच होता, बस सुटतानाचा.

साहेब मला फाटकापर्यंत पोहोचवायला स्वतः आले. “मास्तर, मी वरती कळवतो. पण विहीर बंद झाली तर तुमचं धुणं जाईल, हे ध्यानात आहे ना?”

“आहे साहेब. सून जाण्यापेक्षा धुणं गेलेलं बरं.”

पुढे तपासनीस मंडळी आली. भिंतीच्या मुळाशी खणण्यात आले, तेव्हा इंधनाच्या टाक्यांकडे जाणारा एक जुना नळ गंजून चाळणीसारखा झालेला आढळला. विमानांचे इंधन त्यातून जमिनीत झिरपत आमच्या आळीच्या आणि कॅम्पाच्याही विहिरींत उतरत होते. नळ बदलला. विहिरींवर लोखंडी झाकणे बसली. जमीन स्वच्छ व्हावयास पुष्कळ वर्षे लागतील, असे साहेबांनी खेदपूर्वक सांगितले. प्रथम टँकर आला, नंतर दूरच्या तलावावरून आळीत एक नळ आला.

आणि धुणे गेले. कॅम्पाचे गणवेश आता शहरातील यंत्रांकडे जातात. यंत्रांनी धुतलेले कपडे इस्त्रीसाठी मात्र आमच्याकडे येतात, कारण यंत्राला बाहीची घडी साधत नाही असे साहेबांचे मत आहे. अंगणातील दोऱ्या रिकाम्या झाल्या. प्रथम प्रथम मी उगाच त्यांच्याखाली वाकून जात असे. घरात काटकसर आली, चिरंजीव टेम्पोची एक खेप जास्त मारू लागले. आळीतील काही मंडळी माझ्याशी बोलेनाशी झाली. सौभाग्यवतींनी एके दिवशी माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

“लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तुमच्या बोटांची साल जागेवर दिसतेय,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी धुण्याचा विषय काढला नाही.

मग एका सकाळी बूटवाले दबक्या पावलांनी माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात स्वतःचीच जुनी पाण्याची सुरई होती.

“मास्तर, जरा बघा हो. हिला घासलेटाचा वास येतोय.”

“नवा नाही तो, बूटवाले. नाक नवं आहे तुमचं.”

“पाववाल्यांच्या बायकोलाही आला काल. ती नवऱ्याच्या अंगाचा वास घेत होती.” ते ओशाळून हसले. “तुमच्या सूनबाईंना सांगू नका, मी तांब्या घेऊन आलो होतो म्हणून.”

“तांब्या नव्हे, सुरई आहे. मी खोटं बोलणार नाही.”

सूनबाईंना मुलगी झाली. चिरंजीवांनी नळाची बातमी तिकडे केव्हाच पोहोचविली होती, आणि त्या येत असल्याचा निरोप आला. घर झाडले, पाळणा पुसला. परंतु मला एक भय वाटू लागले, ते मी सौभाग्यवतींनाही सांगितले नाही. नळाचे पाणी मला निर्मळ वाटत होते, हे खरे. परंतु विहिरीचेही वाटत होतेच की! आमची नाके साक्षीला चालण्यासारखी नव्हती. नवा नळही त्याच जमिनीतून येतो. पुन्हा थोडे थोडे काही येत असले आणि आम्ही पुन्हा त्याला चव म्हणू लागलो असलो, तर? धुणे जाऊन सूनही गेली, तर?

टेम्पो दारात थांबला. कोबीच्या रिकाम्या पोत्यांवर गादी अंथरून सूनबाई बसल्या होत्या, मांडीवर नात होती. अख्खी आळी दारादारांत उभी होती. मी नळाचे पाणी भरलेला तांब्या घेऊन पुढे झालो. घाईत अर्धे पाणी माझ्याच पायांवर सांडले.

सौभाग्यवतींनी नात उचलून घेतली. सूनबाईंनी तांब्या घेतला. त्यांनी प्रथम वास घेतला, अगदी सावकाश. मग मान वर करून प्यायला सुरुवात केली. बूटवाल्यांनी छातीवर हात ठेवला होता. तांब्या रिकामा झाला. सूनबाईंनी ओठ पुसले, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या,

“मामंजी—”

आणि विमान आले.

वाचकहो, आजवर इतकी विमाने आमच्या छपरावरून गेली, पण इतके लांबलचक विमान मी पाहिले नव्हते. ते संपेचना. आळीतील सर्व माणसे तोंडे अर्धी उघडी ठेवून उभी होती. आणि त्या गदारोळात माझे लक्ष सूनबाईंच्या ओठांकडे गेले. ते हलत नव्हते. त्या आमच्यासारख्याच थांबल्या होत्या, तोंड तसेच ठेवून, पुढचा शब्द जिभेवर धरून, रिकामा तांब्या माझ्याकडे पुढे करून.

विमान गेले.

“—अजून एक तांब्या द्या.”

एवढे बोलून ही कथा येथे पूर्ण करतो. नात जागी झाली असून तिला झोका देण्याची पाळी माझी आहे. ज्यांनी हे लिखाण अखेरपर्यंत वाचण्याचे कष्ट घेतले, त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
इस्त्रीमास्तर
(भिंतीलगतची आळी, रिकाम्या दोऱ्यांचे घर)